सशाची पिल्लं पहिल्या आठवड्यात मरतात? मादीला दोष द्यायच्या आधी पेटी तपासा

ससेपालन करणाऱ्यांची वर्षभर एकच तक्रार असते. पिंजऱ्यात घरट्यासाठी ठेवलेल्या पेटीत मादी व्यायली, सात-आठ पिल्लं झाली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन पेटीबाहेर मेलेली सापडली आणि आठवडाभरात निम्मी गेली. पुढच्या वेताला पुन्हा तेच. मग निकालही ठरलेला असतो: ही मादी पाजत नाही, हिला माया नाही, काढून टाका. नवी मादी येते आणि तिचीही पिल्लं तशीच मरतात, कारण पेटी तीच, ठेवायची जागा तीच आणि हाताळायची पद्धतही तीच राहिलेली असते.

सशाची आई बहुतेक वेळा तिच्या जातीप्रमाणे बरोबरच वागत असते. आपण तिच्याकडून शेळीसारख्या किंवा कुत्रीसारख्या आईपणाची अपेक्षा धरतो, तिथे घोटाळा होतो. शेळी करडाला चाटते, हाक मारते, दिवसातून कितीतरी वेळा पाजते. कुत्री पिल्लांना पोटाशी घेऊन पडून राहते. सशाची मादी यातलं जवळजवळ काहीच करत नाही. पिल्लांना ऊब द्यायला ती घरट्यात बसत नाही, बाहेर पडलेलं पिल्लू तोंडात धरून आत आणत नाही. तिचं आईपण दोनच गोष्टींत असतं: व्यायच्या आधी बांधलेलं घरटं आणि दिवसातून एकदा दिलेलं दूध. या दोन्हींत आपला हात मध्ये आला की पिल्लं मरतात.

डेन्मार्कमध्ये फरसाठी पाळल्या गेलेल्या मिंक या मुंगसासारख्या लांबट प्राण्याचं अगदी उलटं आहे. मिंकचं पिल्लू घरट्याबाहेर पडून ओरडायला लागलं की आई धावत येते, त्याला तोंडात धरते आणि आत नेते. तिथल्या संशोधकांनी तर यावरून मातृत्व मोजायची चाचणीच केली आहे. पिल्लू घरट्याबाहेर ठेवायचं आणि आई त्याला किती वेळात परत नेते ते बघायचं. हीच चाचणी सशावर लावली तर जगातली प्रत्येक मादी नापास होईल. मिंक शिकार करणारा प्राणी आहे, ससा शिकार होणारा. आई जितकी कमी वेळा बिळाकडे जाईल तितका तिचा वास कमी पसरेल आणि कोल्ह्याला बीळ सापडणार नाही. रानातली मादी पाजून झाल्यावर बिळाचं तोंड मातीने बुजवूनही टाकते. हजारो पिढ्यांची ही सवय पिंजऱ्यात आली म्हणून सुटलेली नाही.

दिवसातून एकदा, तेही तीन-चार मिनिटं

१९६५ साली झॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात सशाच्या पाजण्याबद्दल लिहिलं, तेव्हापासून ही गोष्ट नोंदलेली आहे. सशाची मादी साधारण चोवीस तासांतून एकदा पाजते. काही माद्या दोनदा पेटीत जातात, पण तो नियम नव्हे. बहुतेकदा रात्री किंवा पहाटे, सामसूम असताना ती पेटीत उडी मारते, पिल्लांवर उभी राहते, तीन-चार मिनिटांत सगळं दूध देते आणि बाहेर येते. बस्स. त्यामुळे "मी दिवसभर लक्ष ठेवलं, एकदाही पाजलं नाही" या वाक्यावरून काहीच ठरत नाही. दिवसभर समोर बसून राहिलात तर उलट ती पेटीत जायला घाबरेल.

दूध मात्र जबरदस्त असतं. गायीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश प्रत्येकी तीन-चार टक्क्यांच्या आसपास असतात, सशाच्या दुधात दोन्ही दहा टक्क्यांच्या वर. पिल्लू एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्शाएवढं दूध पिऊ शकतं, आणि त्यावरच त्याला पुढचा दिवस काढायचा असतो.

आता पिल्लांची बाजू बघा. जन्मतात तेव्हा ती उघडी, आंधळी, पन्नास-साठ ग्रॅमची असतात. आई सड तोंडात देत नाही, नाकाने ढकलून दाखवतही नाही. आईच्या पोटाच्या वासावर पिल्लं डोकं जोराने इकडेतिकडे हलवत सड शोधतात आणि सापडला की काही सेकंदांत चिकटतात. फ्रान्समध्ये दिजाँ इथे बेनॉ शाल यांच्या गटाने २००३ साली सशाच्या दुधातला तो नेमका गंधरेणू ओळखला. म्हणून सांगतो, कारण नसताना मादीच्या पोटाला डेटॉल, फिनेल असलं काही लावू नका.

एका वाक्यात सांगायचं तर गारठलेलं पिल्लू या तीन मिनिटांत हलूच शकत नाही. त्याचा तो दिवस उपाशी जातो. एक दिवस चुकला तर ते तग धरेल, पण अशक्त होईल आणि दुसऱ्या दिवशी दांडग्या भावंडांपुढे मागे पडेल. लागोपाठ दोन दिवस चुकले की बहुधा संपलं. आपण ज्याला "पाजत नाही" म्हणतो, ती पुष्कळदा थंडीची गोष्ट असते.

आधी पोट बघा

निदान इथूनच सुरू करायचं. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पेटी उघडा. मादीला आधी मूठभर लसूणघास किंवा शेवरीचा पाला टाका म्हणजे ती तिकडे रमते. हात स्वच्छ धुवा, त्याच पेटीतल्या केसांत चोळा, मग पिल्लं बघा. "माणसाचा हात लागला की मादी पिल्लं टाकते" ही समजूत पाळीव सशाला लागू पडत नाही. रोज हाताळलेल्या मादीला मालकाच्या हाताचा वास ओळखीचाच असतो. अत्तर, तंबाखू, कुत्र्याचा वास असले वास मात्र टाळा.

न्यूझीलंड व्हाइट या पांढऱ्या जातीचं प्यायलेलं पिल्लू ओळखायला एक क्षण पुरतो. पोट टुमटुमीत, कातडी ताणलेली, आणि पातळ गुलाबी कातडीखाली बरगड्यांच्या खाली दुधाचा पांढरा गोळा चक्क दिसतो. सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट अशा गडद जातींत तो दिसत नाही, तिथे बोटाने पोट चाचपावं लागतं. उपाशी पिल्लाचं पोट खपाटीला गेलेलं, कातडीला सुरकुत्या, आणि हात लागताच ते आईच आली असं समजून डोकं वर मारत धडपडतं. भरल्या पोटाची पिल्लं एकमेकांत घुसून केसांखाली गप्प झोपलेली असतात.

पाजायची वेळ जवळ आली की पिल्लं आधीच जागी होऊन केसांच्या वर येतात. पाजून आई गेली की लगेच सगळी लघवी करतात आणि पुन्हा खाली शिरतात. तेव्हा पहाटे पिल्लं उघडी दिसली म्हणून घाबरू नका. दुपारी उघडी आणि विखुरलेली दिसली तर मात्र काहीतरी बिघडलं आहे.

पोट बघितल्यावर प्रश्न तीन वाटांनी फुटतो: सगळी भरलेली, सगळी रिकामी, किंवा काही भरलेली आणि काही रिकामी. सगळी भरलेली असूनही पिल्लं मरत असतील तर दोष मादीचा नाही. पेटी, ऊब, उंदीर, मुंग्या इकडे वळा. एक-दोनच रिकामी असतील तर ती दुबळी पडलेली पिल्लं आहेत. सगळी रिकामी असतील तरच मादीकडे जायचं.

पिल्लू बाहेर कुठे आणि कसं सापडलं

मेलेलं पिल्लू लगेच फेकून देऊ नका. ते बरंच काही सांगतं.

पोट दुधाने भरलेलं आणि पिल्लू पेटीच्या तोंडापासून थोड्या अंतरावर जाळीवर पडलेलं असेल तर ते सडाला लटकून बाहेर आलं. पाजता पाजता मादी दचकली, कुत्रं भुंकलं, कोणी शेडचं दार आपटलं, आणि तिने उडी मारली. पिल्लं सड सहज सोडत नाहीत, त्यामुळे एखादं ओढलं जातं. मादी त्याला उचलून आत ठेवणार नाही, हे वर आलंच आहे. यावर दोन उपाय आहेत. रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत शेडमध्ये वर्दळ नको. आणि पेटीचा उंबरा चांगला पंधरा सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे लटकलेलं पिल्लू उंबऱ्याला घासून आतच गळून पडतं. त्याहून चांगलं म्हणजे पेटीचा तळ पिंजऱ्याच्या तळाच्या खाली घ्यायचा. पिंजऱ्याच्या जाळीला पेटीएवढं चौकोनी भोक पाडून पेटी त्यात खाली बसवायची. मग पेटी हीच सगळ्यात खोल जागा होते, आणि चुकून बाहेर गेलेलं पिल्लू वळवळत फिरता फिरता घसरून पुन्हा घरट्यातच येतं. नवीन पिंजरे बनवून घेणाऱ्यांनी हा एक बदल जरूर करावा. माझ्या पाहण्यात एवढ्या थोड्या खर्चात एवढी पिल्लं वाचवणारं दुसरं काही नाही.

नाळ ओली, अंगावर वारेचे तुकडे, पोटात दूध नाही आणि पिल्लं जाळीभर विखुरलेली असतील तर मादी पेटीत व्यायलीच नाही. हा आपल्या तारखांचा घोळ. पुढे लिहितो.

पोट रिकामं आणि पिल्लू पेटीच्या दाराशी सापडलं तर ते भुकेने सरपटत आलं. बाकीच्यांचीही पोटं बघा.

सगळीच पिल्लं दाराशी, अंग लालसर, एकमेकांपासून लांब पसरलेली असतील तर त्यांना उकडतंय. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात, मराठवाड्यात हे रोजचं आहे.

पायाचा, कानाचा तुकडा गेलेला, ओरखडे असतील तर उंदीर किंवा घूस. अंगावर बारीक लाल ठिपके आणि पेटीत मुंग्यांची रांग दिसली तर कारण समोरच आहे. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवून त्यांत थोडं जळकं ऑइल टाका. वाट्या कोरड्या पडल्या की मुंग्या त्याच रात्री चढतात, म्हणून रोज बघाव्या लागतात.

बाहेर गार पडलेलं, निर्जीव दिसणारं पिल्लू मेलंच आहे असं धरून चालू नका. कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात मानेपर्यंत बुडवून धरा, नाक पाण्याबाहेर. काही मिनिटांत ते हालचाल करायला लागतं. मग कोरडं पुसून भावंडांच्या मधोमध ठेवा. आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाच्या तोंडात दूध घातलं तर ते छातीत जातं किंवा पोटात तसंच राहतं.

पेटी: कशी, कधी, कुठे

न्यूझीलंड व्हाइटसारख्या मादीला साधारण ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच पेटी पुरते. मादीला आत जाऊन वळता यावं, पण बसून राहण्याइतकी ऐसपैस नको. प्लायवूड किंवा साधं लाकूड चांगलं. पत्र्याचे डबे उन्हाळ्यात तापतात, थंडीत गारठतात. तळाला पाच-सहा बारीक भोकं पाडा. पाजल्यानंतर सगळी पिल्लं एकदम लघवी करतात, आणि भोकं नसतील तर आठवड्यात तळ चिखलासारखा होतो.

तळाला रंध्याचा भुसा दोन-तीन बोटं, त्यावर गव्हाचं काड किंवा मऊ भाताचा पेंढा भरपूर. पेंढा कोरडा आणि बुरशी नसलेला हवा. करवतीचा बारीक, पिठासारखा भुसा नाकातोंडात जातो, तो टाळा. गोणपाट, सुतळी, कापडाच्या चिंध्या अजिबात नकोत. त्यांचे धागे पिल्लाच्या पायाला गुंडाळतात, पाय सुजतो आणि काळा पडतो.

आता वेळ. सशाचा गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा. पेटी २७व्या किंवा २८व्या दिवशी ठेवा. आठवडाभर आधी ठेवली तर मादी तिथे लेंड्या टाकते, लघवी करते आणि घरटं घाण होतं. तिसाव्या दिवशी आठवण झाली तर तोवर ती जाळीवर व्यायलेली असते. मादीच्या शरीरात हा क्रम ठरलेला आहे. आधी उकरणं, मग काड तोंडात धरून नेणं, आणि अगदी शेवटी छाती-पोटाचे केस उपटून अंथरणं. ही कामं गाभणपणातली आणि वितानाची संप्रेरकं करून घेतात, तिला शिकवावी लागत नाहीत. पण काड समोर हवं. काड नसेल तर ती घरटं बांधणार कशातून? पिंजऱ्यातही थोडं काड टाकून ठेवा, ती स्वतः उचलून नेईल. स्वतः नेलेल्या काडाचं घरटं आपण भरून दिलेल्या पेटीपेक्षा चांगलं जमतं.

नर दाखवल्याची तारीख पिंजऱ्यावरच्या कार्डावर लिहिली नसेल तर यातलं काहीच साधणार नाही. मनात ठेवलेल्या तारखा दहा पिंजऱ्यांनंतर गोंधळतात. नर दाखवल्यानंतर सतराव्या-अठराव्या दिवशीच मादी केस उपटायला लागली तर ती गाभण नाही, ते खोटं गाभणपण आहे. पेटी ठेवू नका, पुन्हा नर दाखवा.

पहिलटकरीण मादी कधीकधी केस कमी उपटते. आधीच्या माद्यांच्या घरट्यातले स्वच्छ, कोरडे केस पिशवीत साठवून ठेवा आणि अशा वेळी पिल्लांवर घाला. मादीच्या पोटाचे सैल झालेले केस हलक्या हाताने थोडे काढले तरी चालतात. त्या दिवसांत ते सहज निघतात आणि सडही मोकळे होतात.

पेटी पिंजऱ्याच्या अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात हवी. येण्याजाण्याच्या वाटेकडे तोंड नको. नाशिक-निफाड पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तेव्हा उघड्या शेडला वाऱ्याच्या बाजूने गोणपाटाचे पडदे सोडा. (पडद्याला गोणपाट चालतं, पेटीत नाही.)

सगळ्यांचीच पोटं रिकामी असतील तर

मादीला मांडीवर उताणं घेऊन सड तपासा. सहसा आठ असतात, काहींना दहा. एखादा सड गरम, टणक, लाल किंवा निळसर असेल तर स्तनदाह आहे. तिला इतकं दुखतं की ती उभीच राहत नाही. पशुवैद्यकाला बोलवा आणि पिल्लं त्या मादीकडून काढा. ही पिल्लं दुसऱ्या मादीखाली लावताना सावध राहा, त्यांच्या तोंडातून तोच जंतू निरोगी मादीकडे जातो. गोठ्यातली उरलेली औषधं सशाला घालू नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिनसारखी प्रतिजैविकं तोंडाने दिली तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरून जनावर दगावू शकतं.

सड ठीक असतील तर पाणी बघा. पाजणारी मादी दिवसाला लिटरभर आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी पिते. पाण्याच्या नळीचं निप्पल क्षाराने बुजलेलं असतं आणि आपल्याला कळतही नाही. रोज बोटाने दाबून बघायची सवय लावा. त्यानंतर खाद्य. व्यायल्यावर चार-पाच दिवसांत गोळी खाद्य वाढवत न्या आणि मग तिला पोटभर खाऊ द्या. गाभण असताना मात्र लठ्ठ होऊ देऊ नका. लठ्ठ मादी विताना अडते, नंतर खाणं सोडते आणि दूध उतरत नाही.

मादी निरोगी आहे, दूध आहे, तरी पेटीत जातच नाही, असं असेल तर दिवसातून एकदा तिला धरून पाजावं लागतं. पेटी पायांत घ्या, मादीला पिल्लांवर अलगद ठेवा, एक हात पाठीवर. दाबून धरू नका. दोन-तीन दिवसांत बहुतेक माद्या स्वतः जायला लागतात.

हाताने दूध पाजून पूर्ण वेत वाढवायचा नाद सोडा असंच मी सांगेन. शेळीच्या दुधावर एखादं पिल्लू जगतं, पण ड्रॉपरने घाईत पाजलेलं दूध छातीत जाऊन मरणारी पिल्लं जास्त असतात. त्यापेक्षा दुसरी मादी शोधा.

दुसऱ्या मादीखाली लावणं

सशाची मादी परकी पिल्लं सहज स्वीकारते, कारण ती आपली पिल्लं एकेक करून ओळखत नाही. म्हणून दोन-तीन माद्यांना एकाच दिवशी नर दाखवायची पद्धत ठेवा. मग वेतं एकाच सुमारास येतात. एकीला अकरा आणि दुसरीला पाच झाली तर दोघींकडे आठ-आठ करता येतात. वयाचा फरक तीन दिवसांहून जास्त नको. मोठ्या पिल्लांत लहान टाकलं तर ते सडापर्यंत पोचतच नाही. हलवताना शक्यतो दांडगी पिल्लं हलवा आणि दुबळी आपल्या आईकडे ठेवा. नव्या घरट्यातले केस पिल्लाच्या अंगाला चोळा आणि त्याला मधोमध ठेवा.

सडांपेक्षा जास्त पिल्लं एका मादीखाली ठेवू नका. दहा ठेवून सहा जगवण्यात फायदा नाही, आणि त्या चार जिवांचे हालही होतात.

मादी पिल्लं खाते

हे बघून माणूस हादरतो, आणि मादीवर राग येणं साहजिक आहे. पण बऱ्याच वेळा तिने मेलेलं पिल्लू खाल्लेलं असतं. वार खाऊन घरटं साफ करताना मेलेलं पिल्लूही त्यात जातं. जिवंत पिल्लं खाल्ली असतील तर त्या रात्री काय घडलं ते शोधा: पाणी संपलं होतं का, मांजर किंवा साप शेडमध्ये आला होता का, फटाके वाजले का, व्यायल्यावर लगेच माणसांनी गर्दी करून पेटीत डोकावलं का. व्यायच्या दिवशी दोन्ही वेळा स्वच्छ पाणी, एरवीचंच खाद्य आणि थोडा पाला एवढंच करा, आणि एकाच ओळखीच्या माणसाने जा. दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेली पिल्लं आणि उरलेली वार काढून टाका.

पहिल्या वेताला झालं तर मादीला माफ करा. सगळं नीट असून लागोपाठ दोन वेतांना जिवंत पिल्लं खाल्ली तर ती पैदाशीतून काढा, आणि तिच्या मुलीही पैदाशीला ठेवू नका.

दिवसातून एकदाच पेटी उघडायची

जिथे उंदीर, मांजर, थंडी किंवा वर्दळ आवरत नाही, तिथे ही पद्धत कामाला येते. व्यायल्या दिवसापासून पेटीचं दार बंद ठेवायचं किंवा पेटीच काढून सुरक्षित खोलीत ठेवायची. रोज सकाळी ठरलेल्या वेळी ती पिंजऱ्यात लावायची. मादी वाटच बघत असते, लगेच आत जाते. पाच-दहा मिनिटांत ती बाहेर आली की पोटं बघून पेटी परत न्यायची. मादीच्या नैसर्गिक सवयीशी हे जुळतं, म्हणून तिला त्रास होत नाही, आणि रोजची तपासणी आपोआप होते. पेट्यांवर पिंजऱ्याचे नंबर घाला. आणि वेळ मोडू नका. लग्नकार्य असो नाहीतर बाजारचा दिवस, पिल्लांची पुढचे चोवीस तास काढायची शिदोरी त्याच दहा मिनिटांत मिळते.

डोळे उघडेपर्यंत, म्हणजे दहा-बारा दिवस हे करावं, मग पेटी उघडी सोडावी.

उन्हाळ्यात घरटं हलकं करा

तापमान तिशीच्या वर गेलं की मोठ्या सशालाच धाप लागते. मादी खाणं कमी करते, दूध घटते, आणि आत केसांच्या गादीत पिल्लं भाजून निघतात. पिल्लं केस सोडून वर येऊन पसरली की वरचे निम्मे केस काढून घ्या, पण टाकू नका, पहाटेच्या गारव्यात परत घालावे लागतात. पेटीच्या बाजूंना वरच्या अंगाला भोकं असावीत. छतावर कडबा किंवा उसाचं पाचट टाकून त्यावर पाणी मारा. पेटीत पाणी शिंपडू नका. विदर्भ-मराठवाड्यात मार्चअखेरीपासून जूनपर्यंत नवी वेतं न घेतलेलीच बरी. त्या उन्हात नराचं वीर्यही कमजोर होतं, आणि मादीला नुसता ताण होतो.

डोळे उघडल्यापासून दूध तोडेपर्यंत

आठवड्याभरात अंगावर लव येते, दहा ते बारा दिवसांत डोळे उघडतात. बाराव्या दिवशीही डोळा चिकटलेला असेल तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने अलगद पुसा. आत पू असेल तर पशुवैद्यकाकडून डोळ्याचं औषध घ्या. एकाच वेतात तीन-चार पिल्लांचे डोळे चिकटले तर घरटं ओलं आणि घाण आहे असं समजा. सगळं काढून नवा भुसा-पेंढा घाला, फक्त थोडे कोरडे केस जुने ठेवा.

घरट्यात आईच्या चार-दोन कडक लेंड्या दिसतील. त्या मुद्दाम वेचून काढू नका. पिल्लं त्या कुरतडतात आणि आतड्यात लागणारे जंतू त्यातून मिळवतात. भिजून कुजलेला थर काढायचा, या सुट्या लेंड्या राहू द्यायच्या.

पंधरा-वीस दिवसांची झाली की पिल्लं स्वतःहून बाहेर येऊन आईच्या खाद्यात तोंड घालतात. तीन आठवड्यांच्या सुमाराला आईचं दूध शिगेला पोचतं आणि मग उतरत जातं. इथे लोक हिरवा चारा भरभरून टाकतात आणि पिल्लांना हगवण लागते. या वयात कोरडा, धाग्याचा चारा आणि गोळी खाद्य हे मुख्य, ओला लसूणघास थोडा आणि सुकवून. पेटी तिसऱ्या आठवड्यानंतर काढा, नाहीतर तिचा संडास होतो.

दूध पाच आठवड्यांच्या सुमारास तोडा. चार आठवड्यांच्या आत घाई नको. दुबळं वेत असेल तर सहा आठवडे थांबा. तोडताना पिल्लं हलवायची नाहीत, आईला दुसऱ्या पिंजऱ्यात न्यायचं. पिल्लं त्याच पिंजऱ्यात, त्याच भावंडांबरोबर, त्याच खाद्यावर आठवडाभर राहू द्या. जागा आणि खाद्य बदलायचं ते त्यानंतर, एकेक करून. आईला पहिले दोन-तीन दिवस खाद्य कमी करा म्हणजे दूध आटेल, आणि रोज तिचे सड हाताने चाचपा. तट्ट किंवा गरम लागले तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा.